समुद्र बघायचा योग्य महिना

आमच्या कार्यालयात चूक होत नाही. झालीच तर ती लिहून ठेवायला वेगळी वही आहे, आणि गेली बावीस वर्षं ती वही माझ्याच कपाटात असते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण समुद्राच्या प्रकरणानंतर आमच्या इमारतीतल्या लोकांनी माझ्याविषयी जे मत करून घेतलं आहे, ते तुम्हीही करून घ्यावं अशी माझी इच्छा नाही.

आमची ही शाळेत भूगोल शिकवते. सातवीच्या पुस्तकात नववा पाठ आहे, त्यात एक वाळवंट आहे, आणि ते वाळवंट चालत चालत थेट समुद्रात जाऊन संपतं. ते आमच्याच देशात आहे, पण पार दुसऱ्या टोकाला. दरवर्षी ही तो पाठ शिकवते आणि दरवर्षी वर्गातलं कुणीतरी हात वर करून विचारतं, ‘‘बाई, तुम्ही पाहिलंय का ते?’’ ही म्हणते, ‘‘अजून नाही.’’ असं तीस वर्षं चाललंय. वाळवंट राहू द्या, हिनं साधा समुद्रसुद्धा कधी पाहिला नव्हता. यंदा डिसेंबरात ही निवृत्त होणार आणि नववा पाठ सप्टेंबरात येणार, तो शेवटचा. एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता ही म्हणाली, ‘‘अहो, यंदा तरी पोरांना खरं उत्तर द्यावं म्हणते. एकदा जाऊन येऊ या का?’’

मी म्हटलं, ‘‘माझ्यावर सोड.’’

प्रश्न ऐकण्याआधीच हात वर करणाऱ्या मुलाकडे बघावं तसं हिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘‘मला सुट्टी जुलैतच असते. आणि शिवाय तिकडे जुलैत...’’

‘‘तू मध्ये बोलू नकोस,’’ मी म्हटलं, ‘‘कधी जायचं हे असं हवेत ठरत नाही. आधी माहिती गोळा होऊ दे.’’

ही परत वह्यांकडे वळली. त्या वेळी ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि माझी अब्रूही शाबूत राहिली असती.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातून हवामानाची वार्षिक नोंदवही काढली. किनाऱ्यावरच्या त्या गावाचं नाव तिच्यात नव्हतं. पण त्यानं गांगरून जायला मी काही कालचा कारकून नाही. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्या गावाची वेगळी नोंद नाही ते त्याच्या जिल्ह्याच्या गावाखाली धरायचं. गुरं असोत, विहिरी असोत, माणसं असोत, सगळं जिल्ह्याच्या गावाखाली. मी जिल्ह्याच्या गावाचे आकडे उतरवून घेतले. ते गाव समुद्रापासून एकशे नव्वद किलोमीटर आत आहे, पण अंतराचा रकाना त्या वहीत नाही. घरी येऊन मी मोठ्या कागदावर बारा महिन्यांचा तक्ता आखला, जेवणाच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला आणि हातात लाल पेन्सिल घेतली.

हिनं चष्मा सारखा करून तक्ता वाचला. ‘‘हे कुठल्या गावचं तापमान?’’

‘‘जिल्ह्याच्या गावचं.’’

‘‘अहो, पण किनाऱ्याला थंड प्रवाह...’’

‘‘पद्धत आहे,’’ मी म्हटलं. ही स्वयंपाकघरात जाऊन एक अख्खा तांब्या पाणी प्यायली.

जुलै मी पहिल्याच दिवशी लाल केला. चव्वेचाळीस अंश! त्या तापमानात माणूस समुद्र बघायला जात नाही, घामानं स्वतःच समुद्र व्हायला जातो. पण उरलेल्या अकरा महिन्यांचा निकाल लावायला तज्ज्ञ हवे होते, आणि आमच्या इमारतीत तज्ज्ञांची कधीच टंचाई नसते.

तळमजल्यावर कप्तान राहतात. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. ती तीस वर्षं जहाजाच्या मुदपाकखान्यात काढली हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोर तो विषय कुणी काढत नाही. त्यांनी तक्त्यासमोर खुर्ची ओढली, कपाळावरची टोपी मागे सारली आणि जानेवारीवर बोट ठेवलं. ‘‘जानेवारीत तो समुद्र चिडलेला असतो.’’ मी लाल रेघ मारली. फेब्रुवारीत तो जानेवारीतला राग विसरलेला नसतो. मार्चमध्ये वारा, एप्रिलमध्ये वाऱ्यामुळे माश्या, आणि मेमध्ये वारा पडल्यामुळे त्याच माश्या मुक्कामाला. मी रेघा मारत गेलो. कप्तानांनी तीन कप चहा घेतला आणि जाताना सांगितलं, ‘‘तसं मी त्या किनाऱ्याला उतरलो नाही कधी. लांबून बघितलाय, भांडी विसळताना.’’ एवढं बोलून ते जरा दचकले आणि घाईनं निघून गेले.

कोपऱ्यावरच्या दुकानाचे औषधवाले संध्याकाळी आले. त्यांना प्रत्येक महिन्यात एक रोग दिसतो. सप्टेंबरात पोट, ऑक्टोबरात डोळे, नोव्हेंबरात कोरडा खोकला. डिसेंबराकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हा तरी सुटणार. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘वाळवंटातल्या थंडीनं सांधे धरतात. वहिनींचे गुडघे कसे आहेत?’’ वहिनींचे गुडघे ठणठणीत होते, पण मी डिसेंबर खोडला. सांध्यांच्या बाबतीत जोखीम घेण्यात अर्थ नसतो. जून आणि ऑगस्ट हे जुलैचे सख्खे शेजारी म्हणून गेले.

आठवड्याभरात तक्ता पूर्ण झाला. बाराच्या बारा महिने लाल. माझ्या नोकरीत इतकं निर्विवाद काम मी क्वचितच केलं असेल. मी हिला हाक मारून दाखवला. म्हटलं, ‘‘बघ. शास्त्रीयदृष्ट्या तिथं जाण्याजोगा महिनाच नाही.’’

ही शांतपणे म्हणाली, ‘‘मी तिकिटं काढली आजच. जुलैची. तुम्ही येणार असाल तर बरं. नाहीतर कप्तानांच्या बायकोला विचारते, ती केव्हाची मागे लागलीय.’’

आता पुरुषाच्या मानापमानाचा प्रश्न आला. मी रजेचा अर्ज घेतला. त्या अर्जात ‘प्रवासाचे ठिकाण’ म्हणून एक रकाना आहे आणि त्यात चार चौकटी आहेत: डोंगराळ, सागरी, वाळवंटी, इतर. खाली बारीक अक्षरात सूचना आहे, की एकापेक्षा अधिक चौकटींत खूण केल्यास अर्ज परत केला जाईल. मी सागरी आणि वाळवंटी अशा दोन खुणा केल्या. अर्ज परत आला. मग नुसतं सागरी केलं. सोबत तक्त्याची नक्कल जोडली होती, तिच्यावर साहेबांनी शेरा मारला, ‘चव्वेचाळीस अंशांत सागर कोठे?’ मग नुसतं वाळवंटी केलं. तर म्हणे वाळवंटात बघण्यासारखं काय आहे ते लिहा. मी लिहिलं, ‘समुद्र.’ समासात उत्तर आलं, ‘विसंगत.’

चौथ्या वेळी माझा संयम सुटला. आवक-जावकच्या टेबलावर अर्ज आपटून मी म्हटलं, ‘‘हा नमुना तयार कुणी केला? त्या माणसाला जगाची काही कल्पना आहे का?’’ आवक-जावकच्या बाईंनी अर्ज उलटा केला. मागे कोपऱ्यात नमुना तयार करणाऱ्याची सही होती. अकरा वर्षांपूर्वीची सही, माझीच. त्या काळी माझं अक्षर फार सुंदर होतं.

शेवटी साहेबांनीच मला आत बोलावलं. ‘‘कधी हवीय रजा?’’

‘‘जुलैत.’’

‘‘जुलैत? तिथे?’’ त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पहिल्यांदाच माया दिसली. जुलैत रजा मागणारा माणूस त्यांनी पाहिला नसावा. त्यांनी स्वतःच्या हातानं ‘इतर’वर खूण केली, कारणाच्या जागी ‘कौटुंबिक’ लिहिलं आणि उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं. मला ते निरोपासारखं वाटलं.

मग तयारी. औषधवाल्यांनी क्षार-साखरेची अकरा पाकिटं दिली आणि आपल्या दुकानातला भिंतीवरचा तापमापक उसना दिला. मी पांढरे सुती पायजमे घेतले, दोन छत्र्या घेतल्या. टोपी मात्र मनासारखी मिळेना, म्हणून शिंपीदादांकडून शिवून घेतली. ते जन्मभर शाळेचे गणवेश शिवत आलेले, त्यांच्याकडे हिच्याच शाळेच्या गणवेशाचं निळं कापड उरलं होतं. मानेवर ऊन येऊ नये म्हणून मागे झूल आणि हनुवटीखाली बांधायला दोन नाड्या. नाडीची गाठ कप्तानांनी शिकवली. ‘‘ही गाठ वादळात सुटत नाही,’’ ते म्हणाले. त्यांचं हे एकच म्हणणं पुढे अक्षरशः खरं ठरलं.

हिनं एकच बॅग भरली आणि तिला कुलूप घातलं. मी विचारलं, ‘‘काय आहे एवढं त्यात?’’

‘‘नववा पाठ,’’ ही म्हणाली.

दीड दिवसाचा प्रवास. दुसऱ्या दिवशी दुपारी बस त्या जिल्ह्याच्या गावी थांबली. मी तापमापक खिडकीबाहेर धरला. पारा सरसर चढला आणि बरोबर चव्वेचाळीसवर थांबला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता. मी उठून पुढच्या बाकावरच्यांना तापमापक दाखवला, मागच्यांना दाखवला, एका झोपलेल्या गृहस्थांना उठवून दाखवला. ‘‘तक्त्यात हेच आहे,’’ मी म्हटलं. हिला क्षार-साखरेचं पाणी दिलं. हिनं ते निमूट पिऊन टाकलं.

तिथून बस उतरणीला लागली. तासाभरानं ड्रायव्हरनं एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं जाकीट चढवलं. मला वाटलं, बिचाऱ्याला ताप आला. मग बसमधली माणसं एकेक करून खिडक्या लावायला लागली. मघाच्या झोपलेल्या गृहस्थांनी पिशवीतून कानटोपी काढली आणि माझ्याकडे बघून घातली. मी तापमापक बघितला. तेवीस. झटकला. एकोणीस. आम्ही उतरलो तेव्हा सतरा अंश होतं आणि समोर पांढऱ्या धुक्याशिवाय काहीही नव्हतं. मी खिशातली वही काढून लिहिलं: ‘यंत्र नादुरुस्त.’ लिहून झाल्यावर दोन्ही हात काखेत दडवले.

हिनं कुलूप उघडलं. बॅगेत दोन स्वेटर होते, दोन मफलर आणि लोकरीचे मोजे. दोन्ही स्वेटर हिचेच, कारण माझे काढले असते तर मला कळलं असतं. ‘‘त्या समुद्रात थंड प्रवाह आहे,’’ ही म्हणाली, ‘‘आत वाळवंट तापलं की किनाऱ्यावर धुकं येतं. तीस वर्षं शिकवतेय. तुम्ही मध्ये बोलू देत नव्हता.’’ तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. मी जांभळा स्वेटर घातला. तो मला छातीवर तंग होता आणि मनगटाच्या चार बोटं अलीकडेच संपत होता.

लॉजच्या मालकीणबाई शाल पांघरून बसल्या होत्या. माझा पांढरा पायजमा, त्यावर जांभळा स्वेटर आणि वर झूल असलेली निळी टोपी बघून त्यांनी नोंदवही पुढे करायला जरा वेळ लावला. हिनं विचारलं, ‘‘समुद्र कुठे आहे?’’

‘‘हा काय समोर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऐकू येतोय ना?’’

ऐकू येत होता. लॉजसमोर एक बुटका कठडा होता आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी खूप मोठं काहीतरी आपटत होतं, मागे सरत होतं, परत आपटत होतं. आम्ही पहिला दिवस त्या कठड्यावर बसून काढला. दुसराही काढला. खाली पाण्यापर्यंत जावं, तर वाट निसरडी आणि पुढे टाकलेलं पाऊल दिसत नाही. मी हिला हसवायला म्हटलं, ‘‘आवाजावरून मोठा वाटतो.’’ पहिल्या दिवशी ही हसली. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली.

मालकीणबाईंना मी विचारलं, ‘‘हे धुकं जातं कधी?’’

‘‘वाळवंटाकडून गरम वारा सुटला की जातं. पण तो वारा नको वाटतो हो. घरभर वाळू होते. महिन्यातून एकदा येतो, फार तर दोनदा.’’

म्हणजे घरी ज्या उन्हाला भिऊन मी पहिल्याच दिवशी जुलै लाल केला, त्याच उन्हाची मी आता वाट बघायला लागलो. सकाळ-संध्याकाळ तापमापक घेऊन अंगणात उभा राहायचो. तिसऱ्या संध्याकाळी मी हिला हिशेब समजावून सांगू लागलो, की महिन्यातून दोनदा म्हणजे सरासरी पंधरा दिवसांतून एकदा, आपला मुक्काम चार दिवसांचा, तेव्हा...

‘‘सरासरी राहू द्या हो,’’ ही म्हणाली. समोरच्या पांढऱ्याकडे बघतच बोलत होती. ‘‘मी तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूनं लाट काढते. दुसऱ्या कुणीतरी काढलेली बघून शिकले होते. खरी लाट तशी असते का, एवढंच बघायचं होतं मला.’’

माझ्याकडे त्याचा रकाना नव्हता. माझ्यामुळे धुकं पडलं नव्हतं हे मला कळत होतं, पण एकतीस वर्षं झाली लग्नाला, आणि दरवर्षी ‘बघू, योग्य वेळ आली की जाऊ’ असं म्हणणारा माणूस मीच होतो. फार वाईट वाटलं मला.

चौथ्या दिवशी अकराची बस. नऊला आम्ही सामान बाहेर काढून शेवटचं कठड्यावर बसलो. मी स्वेटर आणि टोपीतच होतो, टोपीला कप्तानांची गाठ मारलेली. एकाएकी मानेला काहीतरी ऊन ऊन लागलं. मी तापमापकाकडे धावलो. अठरा. बघता बघता बावीस. ‘‘अगं, सव्वीस,’’ मी ओरडलो, ‘‘एकतीस!’’ मागून मालकीणबाईंनी धडाधड खिडक्या लावल्याचं ऐकू आलं. वारा सुटला होता.

पस्तीसला स्वेटर सहन होईना. मी तो खालून धरून वर ओढला आणि तो टोपीवर येऊन अडकला. टोपी काढल्याशिवाय स्वेटर निघेना, आणि गाठ स्वेटरच्या आत असल्यामुळे टोपी निघेना. दोन्ही हात वर, तोंड लोकरीत, अशा अवस्थेत मी गोल गोल फिरत होतो. ‘‘अगं, जरा हात लाव,’’ मी आतून म्हटलं.

हिचा हात माझ्या बाहीवर आला. तिनं बाही घट्ट धरली, पण ओढली नाही.

‘‘अहो,’’ ही म्हणाली, ‘‘गेलं धुकं.’’

‘‘गेलं? बरं मग, आधी मला...’’

‘‘थांबा. जरा थांबा.’’ तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ‘‘निळा नाहीये हो तो. हिरवा आहे. आणि लाट मी काढते तशी नाहीच. ती पुढे येत नाही, आधी उभी राहते. थांबते. तिच्यातून पलीकडचं दिसतं. मग कडेकडेनं मोडत जाते. आणि ही वाळू खरंच पार पाण्यापर्यंत आलीय, पिवळीधमक, आणि पाण्याजवळ एकदम काळी. पुस्तकात हे नाहीये. काळी होते हे कुणीच लिहिलं नाहीये.’’

मी स्वेटरच्या आत उभा राहून ऐकत होतो. बाहीवरची तिची पकड कधी घट्ट व्हायची, कधी सैल, आणि त्यावरून मला लाटा कळत होत्या. श्वास कोंडला होता, पण मी पुन्हा हाक मारली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, तापमापक माझ्या पायाखाली कुठेतरी होता आणि नंतर कळलं की तो मीच तुडवला होता.

शेवटी मालकीणबाई कात्री घेऊन आल्या आणि त्यांनी नाड्या कापल्या. स्वेटर निघाला. मी डोळे सताड उघडून समुद्राकडे वळलो, आणि मागच्या वाळवंटातून आलेली अख्खी ओंजळभर वाळू वाऱ्यानं वळसा घालून माझ्या डोळ्यांत टाकली. पुढचा अर्धा तास मी तोंडावर पाणी मारण्यात घालवला, आणि तेवढ्यात ही बाटली घेऊन खाली पाण्यापर्यंत जाऊन आली. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. लाल डोळे मिटून, हिच्या खांद्यावर हात ठेवून मी बसमध्ये चढलो, आणि डोळे नीट उघडले तेव्हा आम्ही जिल्ह्याच्या गावी होतो. चव्वेचाळीस असावं, पण मोजायला काही नव्हतं.

घरी परतल्यावर कप्तान, औषधवाले, शिंपीदादा, सगळे जमले. हिनं सगळं सांगितलं, स्वेटरसकट. औषधवाले तापमापकाबद्दल काही बोलले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. मी तक्ता भिंतीवरून काढला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात चुकांची वही उघडून, नियमाप्रमाणे, माझ्या नावावर नोंद केली.

सप्टेंबरात नववा पाठ आला. हिनं मला शाळेत बोलावलं, म्हणाली पुरावा म्हणून चला. टेबलावर तिनं बाटलीभर समुद्राचं पाणी ठेवलं, दोन रंगांच्या वाळूच्या दोन पुड्या ठेवल्या, आणि माझी टोपी. ते कापड ओळखून सगळा वर्ग हसायला लागला. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. ‘‘बाई, तुम्ही पाहिलंय का ते?’’

‘‘हो,’’ ही म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि खडूंच्या डब्यातून हिरवा खडू काढून फळ्याकडे वळली. तिनं लाट काढली. ती पुढे येत नव्हती, उभी होती.

तेवढ्यात त्या मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘आणि काका, तुम्ही पाहिलात समुद्र?’’

बावीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. म्हटलं, ‘‘नाही गं. मला बाईंनी सांगितला.’’

‘‘म्हणजे आमच्यासारखंच,’’ ती म्हणाली आणि बाकावर थोडी सरकली. मी जाऊन तिच्या शेजारी बसलो.